अधिवेशनात गेलेला साकव

टीव्हीवर कालपासून खालची पट्टी धावते आहे. पावसाळी अधिवेशन सोमवारपासून. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, मला आता कोणी काही विचारत नाही, फोन वाजला तर तो गॅसवाल्याचा नाहीतर मुलीचा असतो, तरी पट्टी सरकायला लागली की हात आपोआप वही शोधतो. बायको म्हणते, "आता तुमचं काय अडलंय त्या विधानसभेत?" तिचं बरोबर आहे. माझं काही अडलेलं नाही. अडलंय ते वैशाखरे गावाच्या पलीकडे एका ओहोळाच्या काठावर, आणि माझ्यामुळे अडलंय. हे मात्र मी तिला धड सांगितलेलं नाही.

मी गुप्तवार्तेत हवालदार होतो. नाव ऐकून लोकांच्या डोळ्यांपुढे काय काय येतं, पण तसलं काही नव्हतं. शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके, आसनगावहून रोज निघणारी एक मोटारसायकल, खांद्यात फाटलेला रेनकोट, आणि संध्याकाळी सहाच्या आत वर पाठवायचा एक अहवाल. मोर्चा कुठे निघणार, रस्ता कोण अडवणार, कुठल्या गावात दोन आळ्यांचं बिनसलंय, एवढंच आमचं गुपित. आणि तेही सगळ्या बाजारपेठेला ठाऊक. मुरबाडच्या नाक्यावर गाडी लावली की भजीवाला कढईतून मान वर न काढता ओरडायचा, "आले गुप्तवाले! आज कायतरी होनार!" मग त्या भज्यांच्या वासात उभं राहून मी गुप्तपणे दोन तालुक्यांवर नजर ठेवायचो.

या खात्याचं खरं काम कळायचं ते अधिवेशनाच्या दिवसांत. सभागृहात मंत्र्यांना कोणी अचानक काही विचारू नये, ही कुठल्याही सरकारची फार जुनी इच्छा. त्यामुळे अधिवेशनाआधी महिनाभर आमच्यामागे लकडा लागायचा. आमदार काय विचारणार आहेत? कशावर चिडलेत? सभात्याग करणार का? पायऱ्यांवर फलक घेऊन बसणार का? आणि हे सगळं आमदारांना न विचारता शोधायचं. थेट विचारलं तर पाळत ठेवली म्हणून तेच सभागृहात बोंब मारणार, आणि त्या बोंबेची आगाऊ बातमी का दिली नाही म्हणून मला मेमो मिळणार. दोन्ही बाजूंनी मार खाण्याची ही नोकरी मी बत्तीस वर्षं केली.

दोन तालुक्यांत मिळून विधानसभेचे, विधान परिषदेचे, येणारे-जाणारे असे बरेच आमदार माझ्या वाट्याला आले. ज्यांचं सांगतो आहे ते कोणते, हे सांगणार नाही. सवयच तशी आहे. माणूस वाईट नव्हता, मोकळा होता. चारचौघांत मला हाक मारायचा, "ए गुप्तवाले, माझ्याबद्दल आज काय लिवलंस रे?"

"साहेब विश्रामगृहात दहा मिनिटं थांबले, एवढंच."

"बारा मिंटं थांबलो. आनि चाहा बिनसाखरेचा प्यालो, ते पन लिव. घरी कळूं दे, मी पथ्य पाळतो."

सगळे हसायचे, मीही हसायचो. आणि संध्याकाळी खोलीवर जाऊन दहाची बारा मिनिटं करायचो. इतक्या वर्षांत माझ्या अहवालातला सर्वांत अचूक तपशील तोच असावा.

आमदारांना विचारायचं नाही म्हणून भोईरला विचारायचं. भोईर त्यांचा स्वीय सहायक. बुटका, गोल चेहऱ्याचा, खिशाला तीन पेनं, आणि काखेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला लेटरहेडचा गठ्ठा. तहसील कचेरीच्या मागे पत्र्याचं एक हॉटेल होतं, तिथं आम्ही भेटायचो. पत्र्यावर पाऊस असा वाजायचा की गुप्त बोलायचं तरी ओरडूनच बोलावं लागायचं.

"काय म्हनता हवालदार, काय चाललंय आमच्या मतदारसंघात?"

"ते तू मला सांगायचंस, भोईर."

"मी काय सांगू? मी तं तुमच्याकडनंच घेतो!"

हे विनोदाने बोललेलं असलं तरी शब्दशः खरं होतं. माझ्या अहवालात 'विश्वसनीय सूत्रांकडून समजते' असं यायचं ते सूत्र म्हणजे भोईर. आणि त्याचे साहेब सभागृहात 'माझ्याकडे खात्रीलायक माहिती आहे' म्हणून हात उंचावायचे, ती माहिती म्हणजे मी. एकदा तर माझीच एक बातमी भोईरच्या पिशवीतून सभागृहात गेली, तिथून पेपरात छापून आली, आणि पेपरचं कात्रण वरच्या साहेबांकडून माझ्याकडे परत आलं. सोबत चिठ्ठी, 'यात तथ्य आहे का, तपासून कळवा.' मी तपासलं. तथ्य होतं. तसं कळवलं. त्याबद्दल माझं कौतुकही झालं.

त्या दिवसांचा वास अजून नाकात आहे. ओल्या रेनकोटचा, झेरॉक्सच्या गरम कागदाचा, आणि दाराबाहेर सगळीकडून येणाऱ्या चिखलाचा. तालुक्यात लावणी चाललेली असायची. बाजार ओस पडायचा, कारण सगळे खाचरांत वाकलेले, आणि कचेऱ्याही ओस पडायच्या, कारण सगळे साहेब आतल्या खोलीत प्रश्नांची उत्तरं लिहीत बसलेले. बाया आवणाच्या जुड्या सोडून रोपं लावायच्या तशी हे लोक मागच्या वर्षीच्या उत्तरातली वाक्यं सोडवून यंदाच्या कागदात लावायचे. फरक एवढाच की भात उगवायचं.

आमच्या रोजच्या अहवालात एक रकाना होता, 'असंतोष'. काही नसेल तर तिथं लिहायचं, निरंक. हा शब्द मला सुरुवातीला फार आवडायचा. स्वच्छ वाटायचा. दूरच्या वाड्यांबद्दल तर मी वर्षानुवर्षं तेच लिहीत आलो. तिथून कधी निवेदन नाही, मोर्चा नाही, तहसीलदाराच्या दारात ठिय्या नाही. मग काय लिहिणार? नाक्यावर जायचं, भजी खायची, लिहायचं, निरंक. लिहायला दोन सेकंद लागतात, आणि ते लिहिताना आपण काही करतो आहोत असं वाटतसुद्धा नाही.

ज्या वर्षाचं मी सांगतो आहे त्या वर्षी अधिवेशन लांबलं होतं, लावणी संपता संपता येणार होतं. जूनच्या मध्यात मी वैशाखऱ्याच्या बाजूला गेलो होतो. माळशेजच्या रस्त्यावर कोणीतरी दरड पडल्याची आवई उठवली होती, ती खोटी निघाली. परत फिरताना रस्त्याखालच्या गावात चहाला थांबलो. अंगणवाडीच्या आहाराची पाकिटं उतरवून टेम्पो नुकताच गेला होता, आणि एक बाई ती पाकिटं मेणकापडात बांधत होती. चाळिशीतली, सडपातळ, साडीचा काष्टा वर खोचलेला. मंदा तिचं नाव. पलीकडच्या डोंगरवाडीची सून आणि तिथलीच अंगणवाडीची बाई. टेम्पो इथवरच येतो, पुढं ओहोळापलीकडे तीच नेते, असं चहावाल्याने सांगितलं. मला वेळ होता. मी तिच्यामागे गेलो.

ओहोळ म्हणायची पद्धत म्हणून ओहोळ. लाल पाणी, कमरेच्या वर, दगडांवर आपटून नुसतं फुटत होतं. या काठच्या ऐनाला आणि त्या काठच्या उंबराला एक दोर बांधलेला. मंदाने बोचकं डोक्यावर घेतलं, वजनकाट्याचा पट्टा गळ्यात अडकवला, एका हाताने दोर धरला आणि पाण्यात उतरली. मधोमध तिचा पाय सरकला. बोचकं डोक्यावर तसंच राहिलं, ती मात्र छातीपर्यंत पाण्यात गेली आणि पुन्हा वर आली. मी काठावर उभा. पोहता येत नाही मला. पलीकडे बोचकं ठेवून ती दुसऱ्या खेपेला परत आली तेव्हा माझ्याकडे बघून हसली.

"भ्यालाव का काय साहेब? आमाला सवय हाय."

"चार महिने असंच?"

"भात पिकेस्तवर. नर्सबाई येत नाय तवर. कोनी आजारी पडला तं चादरीत घालून न्हेतात, चौघं दोराला, चौघं चादरीला. माझ्या जावेला गेल्या साली हितंच बाळंत केली मी. ह्या दगडावर. पोरगी हाय. चांगली हाय."

तिने ज्या दगडाकडे बोट दाखवलं त्यावर मी पाय ठेवून उभा होतो. मी पाय काढला.

"साकव नको का इथं?" मी विचारलं. साकव म्हणजे आमच्याकडे लहान पूल, माणसांनी चालत जायचा.

"पायजे ना! एक साकव झाला तं आमची सगळी वाडी पोरांसोरांसकट मानसांत येईल. पन देनार कोन?"

"निवेदन दिलंत कधी? मोर्चा? तालुक्याला जाऊन बसायचं."

मंदाने पाण्याकडे बोट केलं. "साहेब, रस्त्यावर येयालाच तं ओहोळ आडवा हाय."

मी तिथून आसनगावपर्यंत गाडी चालवली ती डोक्यात हेच वाक्य घेऊन. जे लोक रस्त्यावर येऊ शकत नाहीत, त्यांचा असंतोष रस्त्यावर दिसत नाही, म्हणून मी त्यांना निरंक लिहितो. इतकी सोपी गोष्ट तीस वर्षं माझ्या ध्यानात आली नव्हती. लाज वाटली, आणि त्याहून जास्त राग आला. खात्याचा, रकान्याचा, स्वतःचा.

सरळ माणसाने पुढच्या दिवशी अहवालात खरं लिहिलं असतं. पण मी सरळ नव्हतो, मी हुशार होतो. मला माहीत होतं की माझा अहवाल वर कोणी वाचत नाही, पण आमदारांचा प्रश्न सगळं मंत्रालय वाचतं. प्रश्न द्यायची मुदत संपायला दोन दिवस होते. भोईर पत्र्याखाली डोकं धरून बसला होता. साहेबांनी पाच प्रश्न आण म्हणून सांगितलं होतं, आणि त्याच्याकडे गेल्या वर्षीचे शिळे चारच होते.

"घे," मी म्हटलं, आणि माझ्या हाताने त्याच्या वहीत लिहून दिलं. अमुक वाडीस साकव नसल्याने पावसाळ्यात ग्रामस्थांचे हाल होत आहेत, हे खरे आहे काय? असल्यास, त्यामुळे ग्रामस्थांमध्ये तीव्र असंतोष आहे, हेही खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय? तीस वर्षं प्रश्नांच्या मागे धावून त्यांची चाल मला तोंडपाठ झाली होती. असंतोष हा शब्द मी मुद्दाम घातला. वर फक्त तोच ऐकू येतो.

भोईरने वाचलं आणि त्याचा चेहरा उजळला. "हवालदार, एकदम ताजा माल! कुठून आनलात?"

"विश्वसनीय सूत्रांकडून."

त्या संध्याकाळी मी गाडीवर चक्क गुणगुणत घरी आलो. आपण इतकी वर्षं यंत्रणेचं ओझं वाहिलं, आज यंत्रणेला कामाला जुंपलं, असं काहीतरी मनात चाललं होतं. आता ते आठवलं की कानशिलं तापतात.

प्रश्न लागला. तारांकित, म्हणजे मंत्र्यांना सभागृहात उत्तर द्यावं लागणारा. पावसाने आठवडाभर उसंत घेतली होती, खाचरांत लावलेली रोपं मान सावरून उभी राहिली होती, आणि मुरबाडच्या खोलीत माझ्या टेबलावरचा फोन वाजला. वरचे साहेब होते.

"तुझ्या हद्दीतला एक प्रश्न लागलाय. साकवाचा. त्यातला असंतोषाचा भाग आपल्याकडे आलाय. मी तुझे मागचे अहवाल काढले. तीन वर्षं या वाडीपुढे निरंक आहे."

"हो साहेब, पण निरंक म्हणजे तिथून कोणी ओरडलं नाही एवढंच. पाणी खरंच कमरेच्या वर असतं. मी स्वतः पाहिलंय."

"पाणी किती आहे ते आपल्या रकान्यात नाही. असंतोष आहे का, एवढं सांग."

"आहे साहेब."

साहेब अगदी मायेने म्हणाले, "हे बघ, तू आता आहे म्हणालास, तर तीन वर्षं नाही का लिहिलंस, हे कोणीतरी विचारणार. दोन वर्षं राहिलीत तुझी. कशाला चौकशी अंगावर ओढून घेतोस? आणि आमदारांना हे कोणी पुरवलं, तेही मग शोधावं लागेल."

शेवटचं वाक्य त्यांनी सहज टाकलं की माहीत असून, ते मला आजवर कळलेलं नाही. मी ठामपणे सांगायला हवं होतं. लेखी द्यायला हवं होतं. दोन वर्षांनी मिळणारं पेन्शन, मुलीचं ठरत आलेलं लग्न, हे सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं, आणि मी तासाभरात एका ओळीचा अहवाल सही करून पाठवला. 'सदर वाडीत असंतोष आढळून आला नाही.' पुलांच्या खात्यानेही कळवलं की वाडीची तक्रार दप्तरी नाही. होणार कुठून? तक्रार द्यायला ओहोळ ओलांडून यावं लागतं. दोन खात्यांचे दोन नकार जुळले आणि सभागृहाच्या मेजावर छापील उत्तर गेलं.

हे खरे नाही. हे खरे नाही. प्रश्न उद्भवत नाही.

आमदार खुशीत होते. त्यांनी उपप्रश्न विचारताना आवाज चढवला होता, त्याचा फोटो छापून आला. भोईरने माझी पाठ थोपटली, "साहेब म्हनतात, असला अजून एक द्या." माझ्या वरच्या साहेबांनाही काही त्रास झाला नाही. मंत्र्यांना आधी कळलं होतं, उत्तर तयार होतं, कोणीही अडखळलं नाही. आमच्या खात्याच्या दृष्टीने असं बिनबोभाट अधिवेशन क्वचितच होतं.

चीड येते ती इथेच. या सगळ्यात कोणी लबाड नव्हतं. प्रश्न विचारणारा विचारून मोकळा झाला, उत्तर देणारा देऊन मोकळा झाला, मी सही करून मोकळा झालो. सगळ्यांनी आपापलं काम केलं आणि एक अख्खी वाडी खोटी ठरली.

छापील उत्तराची झेरॉक्स घेऊन मी मंदाकडे गेलो. का गेलो? कदाचित कोणीतरी मला शिव्या घालाव्यात म्हणून. ओहोळाच्या या काठावर ती पाकिटं मोजत होती. मी तिला वाचून दाखवलं. प्रश्न आमदारांनी विचारला, असंच सांगितलं. तिने परत वाचायला लावलं, मी परत वाचलं.

"म्हंजे काय खरं नाय साहेब? ओहोळ खरा नाय का आमी खऱ्या नाय?"

माझं उत्तर त्याच कागदावर छापलेलं होतं.

पण खरा तडाखा त्यानंतर बसला. आठवड्याने पंचायत समितीत गेलो होतो. तिथं पुलांचं काम बघणारे एक तरुण अभियंता होते, मितभाषी, पावसाळ्यातही बुटांना पॉलिश करून येणारे. मी उगाच विषय काढला, त्या वाडीच्या साकवाचं काय हो? त्यांनी कपाटातून एक यादी काढून माझ्यापुढे ठेवली. सातव्या ओळीवर वाडीचं नाव होतं. त्यावर लाल रेघ मारलेली.

"मी गेल्या उन्हाळ्यात स्वतः जाऊन मोजमाप केलं होतं," ते म्हणाले. "लहान कामांच्या निधीतून गुपचूप बसवलं होतं. दिवाळीनंतर काम सुरू झालं असतं. कोणाला काही सांगायची गरजच नव्हती."

"मग रेघ का मारली?"

"सभागृहात 'हे खरे नाही' गेलंय. आता मी तिथं साकव हवा असं लिहिलं, तर मंत्री सभागृहात खोटं बोलले असा अर्थ होतो. त्याला हक्कभंग म्हणतात. तो मी कोणाच्या अंगावर घालू?" त्यांनी यादी परत कपाटात ठेवली. मग स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "कोणी विचारायला सांगितला होता हो हा प्रश्न?"

मी चहा अर्धा सोडून उठलो. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं, भाताची हिरवी पात चकाकत होती. गाडीची किल्ली हातात असून मी खिसे चाचपत राहिलो.

नंतर मी माझ्या परीने खटपट केली, ती सांगण्यात काही अर्थ नाही. अभियंत्यांची बदली झाली. नवे आले त्यांना फाइलवर सर्वांत वर तेच छापील उत्तर लावलेलं दिसलं, त्यांनी फाइल मिटली. पुढच्या वर्षी भोईरने, मला न विचारता, हौसेने तोच प्रश्न पुन्हा टाकला. उत्तर आलं, याबाबत पूर्वीच उत्तर देण्यात आले आहे. म्हणजे आता दोनदा खरं नाही. प्रत्येक नव्या प्रश्नाने त्या फाइलला आणखी एक खिळा बसतो, हे मला त्या दिवशी नीट कळलं. दोन वर्षं संपली, मला नारळ आणि शाल मिळाली. भाषणात साहेब म्हणाले, यांच्या हद्दीतून सभागृहात कधी अडचण आली नाही.

माझ्या जागी आता एक मुलगी आली आहे, हुशार आहे, मोबाइलवरच सगळं करते. मागच्या आठवड्यात तिने फोन केला, "काका, आमदारांच्या माणसांशी कसं बोलायचं? काही सांगत नाहीत हो." मी म्हटलं, चहा पाज, आपोआप सांगतील. मग म्हटलं, आणि एक ऐक, निरंक लिहायच्या आधी त्या गावात जाऊन ये. ती हसली. "काका, आता तो रकाना ऑनलाइन आहे. रिकामा सोडला तर आपोआप निरंक पडतं." आम्ही निदान दोन सेकंद हात तरी हलवायचो.

पट्टी दिसली त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे आज सकाळी, बायकोला मुरबाडला काम आहे असं सांगून मी निघालो. ठरवलं होतं की आज मंदाला सगळं सांगायचं. प्रश्न मी लिहिला, उत्तरही मीच लिहिलं, आणि तो प्रश्न नसता तर साकव कधीच झाला असता. तिन्ही गोष्टी, एकापाठोपाठ एक.

ऐन आहे, उंबर आहे, दोर नवा निळा नायलॉनचा आहे. मंदाचे केस कानांजवळ पिकलेत. मला बघून तिने ओळख दिली, म्हणाली वाडीत चला, एवढ्या लांबून आलात तर भाकर खाऊन जा. गुडघे दुखतात म्हणून मी काठावरच थांबतो म्हणालो. तिने ऐकलं नाही. माझा हात घट्ट धरून ती मला पाण्यातून घेऊन गेली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पाणी मांड्यांपर्यंतच होतं, तरी मी दुसऱ्या हाताने दोर सोडला नाही. तिच्या ओटीवर बसलो. तांदळाची भाकर आणि चिंबोऱ्यांचं कालवण पुढं आलं. सहाएक वर्षांची एक मुलगी खांबाला टेकून माझ्याकडे बघत होती. जावेची पोर.

"मंदा," मी म्हटलं, "तो साकवाचा प्रश्न, विधानसभेतला. तो आमदारांनी नाही काढला. मी लिहून दिला होता."

तिच्या हातातली पळी थांबली. मी पुढचं वाक्य जुळवत होतो.

"तुमी?" ती म्हणाली. "आमच्यासाठी? तुमी इचारलंत?" आणि ती उठून दारात गेली आणि शेजारच्या घरांकडे तोंड करून हाका मारायला लागली. "गो सुमन! गो आये! या गो हिकडं! आपला साकव विधानसभेत ज्यानी न्हेला ना, ते साहेब ह्ये! आपल्या घरी आलेत!"

बाया आल्या, म्हातारे आले. कोणी करटोल्यांची पुडी आणून माझ्यापुढे ठेवली. एक म्हातारी माझ्या गुडघ्याला हात लावून म्हणाली, आजवर आमचा कुनी इचार नाय केला बाबा. मी घास हातात धरून बसलो होतो. दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या होत्या. मी तोंड उघडलं आणि भाकर आत घातली.

निघताना मंदा मला पुन्हा ओहोळापर्यंत सोडायला आली. मधोमध, जिथं पाण्याला ओढ जास्त, तिथं तिने माझा दंड आणखी घट्ट धरला.

"साहेब, औंदा बी बसनार ना विधानसभा?"

"सोमवारी."

"मंग औंदा परत इचारा ना. नाय म्हनले म्हून काय झालं? तुमी इचारत ऱ्हावा. कदी ना कदी हो म्हनतील."

पायाखालचा दगड हलला. मी तिच्या हाताचा आधार घेतला आणि म्हणालो, "बघतो."